नामशेष मानलेल्या वनस्पतींचा पुनर्शोध व संवर्धन

जगातून नाहीशी झाल्याचे मानलेली वनस्पती निसर्गात पुन्हा जिवंत सापडणे म्हणजे तिचा पुनर्शोध. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्याने बीजी (बी धरणाऱ्या) वनस्पतींच्या ५७१ जाती नामशेष झाल्याचे नोंदवले. नामशेष म्हटलेल्या सुमारे ४३० जाती पुन्हा सापडल्याचेही त्यात दिसून आले. मात्र यातल्या बहुतेक जाती आजही संकटात आहेत. सापडलेली जात वाचलीच असे नसते.

वनस्पती संपली हे खात्रीने सांगणे फार कठीण. बी मातीत वर्षानुवर्षे सुप्त राहू शकते, कंद जमिनीखाली तग धरतो, काही जाती माणूस पोहोचत नाही अशा उभ्या कड्यांवर उरतात. हवाई बेटसमूहातील कौआईवर जास्वंदीच्या कुळातली ‘हिबिस्काडेल्फस वुडाय’ २०१९ मध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्याला कड्यावर दिसली. एक्वाडोरमधल्या एका रानफुलाला २००० साली नाव देतानाच ते संपले असावे असे समजून ‘गॅस्टेरँथस एक्स्टिंक्टस’ (‘एक्स्टिंक्टस’ म्हणजे नामशेष) म्हटले गेले. २०२१ मध्ये ते जंगलाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत फुललेले आढळले. नामशेष असा शिक्का घाईने मारणे घातकच, कारण त्यानंतर शोध थंडावतो आणि असे तुकडे राखण्याचे कारणही कुणाला उरत नाही.

पुनर्शोधानंतरची अडचण ‘रामोस्मानिया रॉड्रिग्वेझी’ या झुडपाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाने शिक्षकांना दाखवलेल्या फांदीवरून ते ओळखले गेले. साऱ्या जगात एकच झुडूप उरले होते. औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडून नेत, त्यामुळे भोवती कुंपण घालावे लागले. १९८६ मध्ये त्याच्या छाटण्या लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या आणि त्यातली एक रुजली. तिच्यापासून वाढवलेली झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जात, पण फळ एकही धरेना. तिथले उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांनी कुक्षीचा (फुलात पराग स्वीकारणाऱ्या भागाचा) टोकाचा भाग कापून थेट त्या कापावर पराग ठेवून पाहिले. पुष्कळ प्रयत्नांनंतर २००३ मध्ये बिया असलेले फळ मिळाले. पुढे हे झुडूप रॉड्रिग्जलाही परत गेले. तरी ही सगळी संतती एकाच झुडपाची. हरवलेली जनुकीय विविधता कोणत्याही कलमाने भरून येत नाही.

म्हणूनच अनेक रोपांचे बी गोळा करणे, बीजपेढीत साठवणे, वाळवल्यास मरणाऱ्या बियांच्या जातींसाठी जिवंत रोपे किंवा ऊतिसंवर्धनाचा (प्रयोगशाळेत वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून रोपे वाढवण्याचा) आधार घेणे आणि मूळ अधिवास राखणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. उद्यानातली झाडे हा विमा आहे. अधिवासाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

काही झाडे आधी जीवाश्मांतूनच ठाऊक होती. चीनमधला मेटासेक्वोया १९४० च्या दशकात जिवंत सापडला आणि १९४८ पासून बिया वाटल्या गेल्याने आज अनेक देशांच्या उद्यानांत उभा आहे. ऑस्ट्रेलियातला वोलेमी पाइन १९९४ मध्ये एका खोल घळीत सापडला. त्याची प्रौढ झाडे शंभरहूनही कमी आहेत. बुटांना चिकटून येणाऱ्या मातीतील रोगकारक सूक्ष्मजीव मुळे कुजवू शकतात, म्हणून ठिकाण गुप्त ठेवले आहे. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशामकांना हेलिकॉप्टरने घळीत उतरवून झाडांभोवती पाणी फवारण्याची व्यवस्था करावी लागली. रोपवाटिकेत वाढवलेली रोपे आता जंगलात इतरत्रही लावली आहेत.