युटोपिया बाटिक

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या ईशान्येस सुमारे २५० किलोमीटरवरील युटोपिया परिसरातल्या अन्माजेरा आणि अल्यावारा या आदिवासी समाजांच्या स्त्रियांची कापड रंगवण्याची कला. १९७७ मध्ये प्रौढशिक्षणाच्या वर्गांतून ती सुरू झाली. मेणाने रंग अडवून नक्षी उमटवायची, हे तंत्र इंडोनेशियाचे, आशय मात्र या स्त्रियांचा: रानकंदाचे वेल, बिया, आणि ‘अवेल्य’, म्हणजे विधीच्या वेळी छाती-खांद्यांवर ओढायचे पट्टे. १९८८ मध्ये ८८ रेशमी बाटिकांचा संच तयार झाला. पुढे जगभर गाजलेल्या चित्रकार एमिली कामे उंग्वारे यांचा हात आधी बाटिकवरच बसला होता.

मध्य ऑस्ट्रेलियात वाळूवर बोटाने काढतात त्या खुणा वरून पाहिल्यासारख्या असतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची खूण म्हणजे बसलेली व्यक्ती. शेजारी खणायची काठी दाखवणारी रेघ असली की ती बाई. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा पवित्र जागा. नेमका अर्थ सांगणाऱ्यावर आणि जागेवर ठरतो, म्हणून चिन्हांचे तयार तक्ते फसवे असतात.

सुती कापड आधी धुऊन खळ काढावी, नाहीतर रंग डागाळतो. पॅराफिन आणि मधमाशीचे मेण एकत्र वितळवून ब्रशने किंवा ‘चांटिंग’ या तोटीच्या लेखणीने लावतात. पॅराफिन जास्त झाले की मेण तडकते आणि बारीक शिरा उमटतात. लावलेला भाग ओला, पारदर्शक दिसला तर मेण आत मुरले. पांढरट थर वरच राहिला तर ते गार होते आणि रंग खालून शिरणार. फार तापलेले मेण पसरून रेघ जाड होते. रंग थंड पाण्यातलेच हवेत, गरम पाण्यात मेण सुटते. क्रम फिक्याकडून गडदाकडे. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा होतो, हे आराखड्यातच धरावे. शेवटी कापड उकळून मेण काढतात. ते पाणी मोरीत ओतू नये, मेण थिजून नळ तुंबतो.

यातून स्वतःची गोष्ट कापडावर आणायची तर दृष्टी घ्यावी, खुणा घेऊ नयेत. आपल्या माहितीची एक जागा वरून पाहावी, कोण कुठे बसले, वाट कुठून गेली हे ठरवावे, आणि त्यासाठी तीन-चार खुणा स्वतः घडवून आधी चिंधीवर काढून पाहाव्यात. ‘अवेल्य’चे पट्टे वारशाने मिळतात, परक्याने ते उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या घराण्याचा हक्क उचलणे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे चित्रकार जॉनी बुलुन बुलुन यांचे चित्र परवानगीविना कापडावर छापले गेले होते. त्या खटल्यात १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने, अशा कलाकृतीबाबत चित्रकार आपल्या कुळालाही बांधील असतो, असे म्हटले. मूळ नक्षीच हवी असेल, तर त्या वस्तीच्या कलाकेंद्राकडून लेखी परवाना घ्यावा आणि कापडावर कलावंताचे नाव छापावे.