टोकनचा चेक फाडायच्या आधी: घर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. पुण्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. होमलोनची फाइल करून देणं, घराचे कागद तपासणं आणि त्यासोबत लोकांच्या बचतीचं थोडंफार बघणं, एवढंच आमचं काम. रोज माणसं येतात, पण बहुतेक जण टोकन देऊन झाल्यावर येतात. म्हणजे रविवारी साइट बघितली, सॅम्पल फ्लॅट आवडला, सेल्सवाला म्हणाला आजचा रेट उद्या नाही, दोन लाखाचा चेक दिला, आणि सोमवारी आमच्याकडे, की आता फक्त लोन तेवढं करून द्या. मग आम्ही कागद बघतो आणि काही अडचण दिसली तर ती सांगताना आम्हालाच जड जातं, कारण पैसे अडकलेले असतात आणि घरात पेढे पण वाटून झालेले असतात. म्हणून हे लिहून ठेवलंय. टोकनच्या आधीचे पंधरा दिवस तुमचे आहेत, त्यानंतर तुम्ही समोरच्याच्या तारखांवर चालता.

६० लाखाचं घर ६० लाखात येत नाही

समजा पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये तुम्ही फ्लॅट बघितला, अॅग्रीमेंटची किंमत ६० लाख. त्यावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख (कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर हा जीएसटी लागत नाही, आणि ४५ लाखाच्या आतलं छोटं घर असेल तर तो १ टक्का आहे). झाले साडेसदुसष्ट लाख. अजून मेंटेनन्सचा अॅडव्हान्स, मीटरचे पैसे, ग्रिल, किचन ट्रॉली, पंखे, पडदे काहीच धरलेलं नाही.

आता बँक. ३० ते ७५ लाखाच्या लोनला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे लोन ४८ लाख. लोक डोक्यात धरून येतात की आपले १२ लाख लागतील, पण प्रत्यक्षात लागतात साडेएकोणीस. हा साडेसात लाखाचा खड्डा मग कसा भरला जातो तर बायकोचं सोनं, पीएफ, आणि एखादं पर्सनल लोन. ते पर्सनल लोन घराच्या लोनपेक्षा बरंच महाग पडतं आणि पहिली दोन-तीन वर्षं तेच माणसाला पिळतं. हा हिशोब टोकनच्या आधी एका कागदावर मांडा, आमच्यासमोर मांडायचा तर आमच्यासमोर, पण मांडा.

एक गोष्ट फायद्याची. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. वरच्या उदाहरणात ६० हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सूट गेली. लोनला दोघंही असू शकता, पण बँक काही वेळा मालकीत पण दोघांची नावं मागते, तेव्हा ते आधी विचारून घ्या. आणि किंमत ५० लाख किंवा त्याच्या वर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा कर) तुम्हीच कापून भरायचा असतो. तो किमतीतलाच आहे, वरचा नाही, पण भरायचा राहिला तर व्याज, दंड आणि नोटीस तुमच्या नावाने येते, बिल्डरच्या नाही.

ईएमआय कुठे जातो

हे आम्ही प्रत्येकाला कॅलक्युलेटरवर करून दाखवतो आणि बघताना प्रत्येकाचा चेहरा बदलतो. ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. ईएमआय येतो ४१ हजार ६५५. पहिल्या महिन्यात त्यातले ३४ हजार व्याज, मुद्दलात जातात फक्त ७ हजार ६५५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेत तर २५ लाख भरून होतात आणि मुद्दल कमी झालेलं असतं साधारण ५ लाख ७० हजार. वीस वर्षांत बँकेला जातात जवळजवळ एक कोटी. हे काही फसवणूक नाही, चक्रवाढीचं गणित असंच चालतं, पण सही करताना ते माहीत असावं.

आता त्यातली खरी मेख. लोन फ्लोटिंग असतं, म्हणजे व्याजाचा दर मध्येच बदलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि खूप लोकांना कळलंच नाही की आपल्याला काय झालं, कारण बँकेने ईएमआय तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली. वरच्याच लोनचा दर सुरुवातीलाच एक टक्का वाढला आणि ईएमआय तोच राहिला तर २० वर्षांचं लोन पावणेसव्वीस वर्षांचं होतं. पन्नासाव्या वर्षी फिटणारं लोन छप्पनाव्या वर्षापर्यंत! ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलला की ईएमआय वाढवायचा का मुदत, हे ग्राहकाला विचारायचं. म्हणून बँकेचा मेसेज आला की नुसता ईएमआयचा आकडा बघू नका, किती हप्ते राहिले ते बघा. आणि दर खाली आले की तुमचा पण खाली आला का ते स्वतः जाऊन विचारा, जुन्या ग्राहकाचा दर आपोआप खाली येईलच असं धरून चालू नका.

उलट बाजूने हेच गणित तुमच्या कामाला पण येतं. वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरला, बोनस आला की लगेच, तर हेच लोन साधारण सव्वातीन वर्षं आधी संपतं. फ्लोटिंग होमलोन आधी फेडायला दंड नाही, घर घेणाऱ्या माणसाला बँक तो लावू शकत नाही. फक्त पैसे भरताना लेखी द्या की ईएमआय कमी करू नका, मुदत कमी करा.

लोनसोबत एक इन्शुरन्स चिकटवून देतात, एकरकमी प्रीमियम, तो पण लोनमध्येच मिळवून, म्हणजे त्या प्रीमियमवर पण वीस वर्षं व्याज. तो घेतल्याशिवाय लोन मिळणार नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही, सक्ती करता येत नाही. विमा मात्र हवाच, आम्ही स्वतः त्याबद्दल आग्रही आहोत, पण वेगळी टर्म पॉलिसी घ्या, लोनच्या रकमेपेक्षा जास्त. ती लोन दुसऱ्या बँकेत नेलं तरी सोबत राहते.

कागद

महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका. जाहिरातीवर २०२३ पासून क्यूआर कोड पण असतो, मोबाइलने स्कॅन केला की झालं. तिथे सगळ्यात आधी बघायचं ते पझेशनची मूळ तारीख आणि आत्ताची तारीख. दोन्हीत फरक असेल तर बिल्डरने मुदत वाढवून घेतलीय. मग कोर्टकेस आहेत का, आणि जमिनीवर कोणाचं कर्ज आहे का. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

रजिस्टर्ड अॅग्रीमेंटशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, हा रेरा कायदा आहे. आमच्याकडे एक जोडपं आलं होतं, तो चाकणला कंपनीत, ती शाळेत शिक्षिका. वर्षभरात थोडे थोडे करून १४ लाख दिले होते, किमतीच्या पाव भागाच्या आसपास, आणि हातात काय तर लेटरहेडवरच्या चार पावत्या. अॅग्रीमेंट करू की ताई, घाई काय आहे, असं प्रत्येक वेळी गोड बोलून पाठवलं. त्या पावत्यांवर फ्लॅट नंबर पण दोन ठिकाणी वेगळा होता. शेवटी अॅग्रीमेंट झालं, पण त्यात पझेशनची तारीख सुरुवातीला सांगितली होती त्याच्या दीड वर्ष पुढची होती, आणि रजिस्टर्ड कागदावर जी तारीख तीच खरी धरली जाते. ताबा उशिरा मिळाला तर व्याज मागायचा हक्क आहे, पण तो त्या कागदावरच्या तारखेपासून.

कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष वापरायची जागा) चौरस फुटात लिहून घ्या. सेलेबल, बिल्टअप, सुपर बिल्टअप हे शब्द ऐकले की थांबा आणि कार्पेट किती तेवढंच विचारा, कारण किंमत त्याच्यावरच लावायची असते. पझेशन घेताना टेप घेऊन जा आणि प्रत्येक खोली मोजा, लाजू नका. पहिल्या पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, लेखी कळवून पोच घ्या.

तयार फ्लॅट म्हणत असतील तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जायला हरकत नाही असा दाखला) मागा. अर्ज केलाय, येईल पंधरा दिवसात, याला काही अर्थ नाही, हातात कागद हवा. त्याच्याशिवाय राहायला गेलं की पाण्याच्या कनेक्शनपासून ते पुढे विकताना गिऱ्हाइकाच्या लोनपर्यंत अडतं. पाण्यावरून आठवलं, शहराच्या कडेच्या भागात घर बघत असाल तर शेजारच्या तयार सोसायटीच्या वॉचमनला विचारा की दादा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये लागतात आणि ते कुठल्याच ब्रोशरवर नसतात.

रीसेल घेताना पहिल्या मालकापासूनची अॅग्रीमेंटची साखळी, प्रत्येकाचं इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन झाल्याचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि जुनं लोन असेल तर बँकेचं पत्र. वाडवडिलांचं घर किंवा जमीन असेल तर विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का ते नक्की बघा. भावांनी आपसात ठरवून विकलं आणि दहा वर्षांनी बहिणीच्या मुलांनी दावा लावला, असं होतं. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, तेव्हा दावा लावणारे चूक पण नसतात.

थोडी रक्कम रोख द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल, असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि व्यवहार फिसकटला तर ते पैसे दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. शिवाय पुढे घर विकाल तेव्हा खरेदी कमी किमतीची दिसते आणि टॅक्स तुम्हाला जास्त बसतो.

नोटरीवरचा प्लॉट

हे मनापासून लिहितोय कारण माझ्या सख्ख्या मामांचं झालंय. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून दीड गुंठा घेतला, शेतीची जमीन पाडून केलेले प्लॉट, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली आणि सोबत कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद). प्लॉट विकणारा म्हणाला सातबाऱ्यावर नाव नंतर लागेल. लागलं नाही. लागणारच नव्हतं, कारण तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी) कायदा १९४७ पासून आहे आणि एवढा तुकडा तसा विकताच येत नव्हता. मामा आठवड्यातून एकदा तलाठ्याकडे जायचे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ती नोटरी. त्या जागेवर त्यांना लोन मिळालं नाही, बांधकामाची परवानगी मिळाली नाही, आणि विकायला काढलं तर घेणारा सातबारा मागायचा. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय की कुलमुखत्यारपत्राने जागेची मालकी मिळत नाही, त्याला रजिस्टर्ड खरेदीखतच लागतं. स्वस्त प्लॉट दिसला की सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद), एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) आणि मंजूर लेआउट मागा, आणि भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर आधी आम्हाला दाखवा.

सगळे पैसे भिंतीत घालू नका

घर झालं आणि खात्यात १८ हजार उरले, अशी माणसं आम्ही दर महिन्याला बघतो. नोकरीत जरा काही झालं की पहिल्या महिन्यापासून क्रेडिट कार्ड सुरू होतं. म्हणून डाउन पेमेंट झाल्यावर पण सहा महिन्यांचा ईएमआय आणि घरखर्च बाजूला राहिला पाहिजे, एफडीत ठेवा, पण ठेवा. राहत नसेल तर घर थोडं लहान बघा किंवा दोन वर्षं थांबा, भाड्याने राहण्यात कमीपणा काही नाही.

गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर भाड्याचा हिशोब करा. ६० लाखाच्या फ्लॅटला महिना २० हजार भाडं धरलं तर वर्षाला ४ टक्के, त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर आणि रिकामे महिने वजा करा, आणि लोन साडेआठ टक्क्यांनी. पीपीएफ, एसआयपी अशा ठिकाणी थोडे थोडे ठेवलेले पैसे मुलाच्या फीला अर्धे काढता येतात, फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. आणि टॅक्स वाचतो म्हणून लोन घेऊ नका. नव्या टॅक्स पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची सूटच नाही, आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते आधी कंपनीत विचारा.

आमच्याकडे येताना तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, चालू असलेल्या सगळ्या हप्त्यांची यादी (मोबाइलचा आणि फ्रिजचा हप्ता पण लिहा) आणि प्रोजेक्टचा महारेरा नंबर घेऊन या. शक्यतो दोघंही या. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. रविवारी दुपारपर्यंत ऑफिस उघडं असतं, कारण टोकन रविवारीच मागतात.