टायरची सफाई आणि पॉलिश : घरच्या घरी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे गाडी धुण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते. पॉलिश लावले त्या दिवशी टायर नवा कोरा दिसत होता, मग आठवड्याच्या आत तो पुन्हा तपकिरी कसा पडला? दोष बाटलीतल्या पॉलिशचा असावा, असे बहुतेकांना वाटते आणि पुढच्या वेळी ते अधिक महागडी बाटली आणतात. आमचा अनुभव असा आहे की दहापैकी नऊ वेळा दोष पॉलिशचा नसतो. टायर पुरता न घासताच त्यावर पॉलिश चढवलेले असते. म्हणून या पत्रकात पॉलिशपेक्षा घासण्याविषयीच अधिक लिहिले आहे.

तपकिरी रंग येतो कुठून

टायरवरचा तपकिरी थर म्हणजे केवळ रस्त्यावरची धूळ, असे समजू नये. हवेतील ओझोन रबराला हळूहळू चिरा पाडतो आणि ताणलेल्या रबरावर त्याचा परिणाम अधिक लवकर दिसतो. त्यापासून बचाव व्हावा म्हणून टायर तयार करतानाच रबराच्या मिश्रणात ओझोनरोधक रसायने आणि मेण घातलेले असते. चाक फिरताना टायरची बाजू सतत दबते आणि सुटते, तेव्हा हे घटक आतून थोडेथोडे पृष्ठभागावर येत राहतात; तेथे ओझोनशी आणि प्राणवायूशी त्यांचा संयोग झाला की तपकिरी रंग धरतो. त्यावर ब्रेकची काळी भुकटी, रस्त्यावरचे तेल आणि मागच्या पॉलिशचे अवशेष चिकटतात, आणि सगळ्यांचे मिळून ते कळकट पुट तयार होते. बरेच दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला लवकर भेगा पडतात, त्याचेही एक कारण हेच आहे. चाक फिरलेच नाही, तर आतले मेण वर येत नाही.

रबर मुळात काळे नसतेच. काळा रंग येतो तो मिश्रणातल्या कार्बन ब्लॅकमुळे, आणि हीच काजळी टायरला झीज सोसण्याची ताकद देते व सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. मिशेलिन कंपनीचा 1898 सालचा प्रसिद्ध टायरमानव पांढरा आहे, कारण त्या काळचे टायरच फिकट रंगाचे असत.

यावरून ग्राहकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तपकिरी थराचा काही भाग टायरचेच संरक्षण करणारा आहे, त्यामुळे तो दर आठवड्याला जहाल रसायनाने खरवडून काढण्याची गरज नाही. एरवी गाडी धुताना टायरवरून साध्या कार शाम्पूचा ब्रश फिरवला तरी पुरते. खाली सांगितलेली सविस्तर सफाई महिन्या-दोन महिन्यांतून एकदा करावी, आणि पॉलिश लावायचे असेल तेव्हा मात्र ती टाळू नये.

काय वापरावे, काय वापरू नये

ब्रश ताठ नायलॉनच्या केसांचा असावा. तारेचा ब्रश, लोखंडी काथ्या किंवा पॉलिश पेपर टायरला लावू नये. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत पातळ भाग असतो आणि तेथील ओरखड्यातूनच पुढे चीर वाढते. रिमसाठी वेगळा, मऊ ब्रश घ्यावा. टायरसाठी मिळणारा क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून वापरावा. साध्या शाम्पूने धूळ निघते, परंतु जुन्या पॉलिशचा तेलकट थर निघत नाही. आम्लयुक्त रिम क्लीनर टायरवर मारू नये, आणि उलटपक्षी, टायर घासण्याचे तीव्र क्षारयुक्त द्रावण उघड्या ॲल्युमिनियमच्या रिमवर राहू देऊ नये, कारण त्याने धातूवर पांढुरके डाग पडतात आणि ते धुण्याने जात नाहीत.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा वापरलेले इंजिन ऑइल टायरला चोळण्याची सवय अजूनही पुष्कळांना आहे. डिझेलने टायर काळाभोर दिसतो हे खरे आहे, पण तो तसा दिसतो कारण रबर ते डिझेल पिऊन घेते. त्याने रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद कमी होते. खाद्यतेल लावले तर दोन दिवसांत त्यावर धुळीचा लेप बसतो. यांपैकी एकही गोष्ट आम्ही कोणाला सुचवत नाही.

घासण्याची रीत

गाडी सावलीत आणि सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि टायर व ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यावेत. तापलेल्या टायरवर क्लीनर घासण्याआधीच सुकून जातो आणि त्याचे ओघळ उमटतात. काम एका वेळी एकाच चाकाचे करावे, आणि चाके आधी धुऊन मग बॉडीला हात लावावा, म्हणजे चाकांवरचे शिंतोडे धुतलेल्या दरवाज्यांवर उडत नाहीत.

प्रथम भरपूर पाण्याने सुटी माती काढून टाकावी. प्रेशर वॉशर वापरत असल्यास त्याचे तोंड टायरपासून आणि व्हॉल्व्हपासून किमान 30 सेंटिमीटर दूर धरावे. जवळून मारलेल्या जोरदार धारेने टायरला आतून इजा होऊ शकते, आणि ती लगेच दिसतेच असे नाही. नंतर क्लीनर मारून एखादा मिनिट थांबावे आणि तो सुकण्याच्या आत गोलाईच्या दिशेने जोर देऊन घासावे. कंपनीचे नाव आणि टायरचा आकडा जेथे उठावाने कोरलेला असतो, तेथे ब्रश आडवा-उभा असा दोन्ही दिशांनी फिरवावा, कारण मळ अक्षरांच्या कडेला दडतो.

आता फेसाकडे पाहावे. पहिल्या हाताला तो गढूळ तपकिरी निघतो, आणि येथेच बहुतेक लोक पाणी मारून काम संपवतात. तसे करू नये. धुऊन पुन्हा क्लीनर मारावा आणि पुन्हा घासावे. दुसऱ्या वेळी फेस फिकट होतो, आणि अनेक महिने पॉलिशवर पॉलिश चढलेल्या टायरला तिसरा, क्वचित चौथा हातही लागतो. फेस पांढरा राहिला की टायर स्वच्छ झाला असे समजावे. खात्री करायची असल्यास टायर पुसून त्यावर पांढरा फडका जोराने दाबून फिरवावा. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला, तर अजून एक हात बाकी आहे. नीट घासलेला टायर सुकल्यावर चकाकत नाही. तो करडा-काळा आणि कोरडा दिसतो, आणि हे पाहून काही ग्राहक बिचकतात. तेच टायरचे खरे रूप असते.

पुढच्या चाकांच्या मागच्या बाजूस हात पोहोचत नसेल, तर स्टेअरिंग पूर्ण वळवून घ्यावे. मडगार्डखाली दडलेला वरचा भाग अनेकदा तसाच राहून जातो. त्यासाठी चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे घ्यावी.

धुऊन झाल्यावर टायर फडक्याने पुसावा आणि साधारण अर्धा तास वाळू द्यावा. रिम आणि टायर जेथे मिळतात त्या खाचेत पाणी साचून राहते, ते फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावे. ओल्या टायरवर पॉलिश धरत नाही आणि त्याचे पट्टे उठतात.

पॉलिश कोणते आणि किती

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची पॉलिश मिळतात. पहिले पाण्यात मिसळलेले असते, दिसायला दुधाळ, आणि लावल्यावर सौम्य झळाळी देते. दुसरे पेट्रोलियम द्रावकातले असते, दिसायला पारदर्शक व चिकट, आणि त्याने टायर ओला असल्यासारखा चमकतो. दोन्हींत सिलिकॉन असू शकते, आणि सिलिकॉनने टायर खराब होतो हा समज आम्हाला बरोबर वाटत नाही. रबराला त्रास देतात ते द्रावक. आम्ही पाण्यातले पॉलिश वापरतो आणि ग्राहकांनाही तेच घ्यायला सांगतो. त्याची चमक कमी टिकते, हे मान्य आहे. परंतु ते सहज धुतले जाते, त्याचे थर चढत नाहीत आणि पुढच्या वेळी घासण्याचा त्रास वाचतो.

पॉलिश थेट टायरवर फवारू नये. फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब रिमच्या फटींतून ब्रेकच्या डिस्कवर जातात, आणि डिस्कवर पॉलिश गेले तर ब्रेक नीट लागणार नाही. असे झाल्याची शंका आली, तर डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पॉलिश स्पंजवर घ्यावे, एका टायरला लहान चमचाभर पुरते, आणि ते गोलाईने सारखे पसरावे. दहा-पंधरा मिनिटे थांबून कोरड्या फडक्याने वरचे जादा पॉलिश पुसून काढावे. हे पुसणे वाया घालवण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रबराला लागायचे तेवढे लागलेले असते, आणि उरलेले पहिल्याच फेरीत उडून दरवाज्यावर जाणार असते.

ही चूक आम्हीही केलेली आहे. काम नवे असताना एका ग्राहकाच्या पांढऱ्या गाडीला आम्ही चमकदार पॉलिश सढळ हाताने लावले आणि लगेच गाडी ताब्यात दिली. तासाभरात ते परत आले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांवर खालपासून आरशापर्यंत काळ्या ठिपक्यांच्या रेघा उमटल्या होत्या. ते डाग आम्ही काढून दिले, आणि तेव्हापासून पॉलिश पुसल्यावरही गाडी किमान अर्धा तास उभी ठेवल्याशिवाय देत नाही. बॉडीवर उडालेले सिलिकॉन आणखी एका कारणाने वाईट असते: पुढे तेथे रंगकाम करायचे झाले आणि त्याचा अंश राहून गेला, तर नव्या रंगात बारीक खळगे पडतात.

पॉलिश केवळ टायरच्या बाजूला लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते कधीही लावू नये, आणि तेथे चुकून ओघळ गेला, तर क्लीनरने घासून काढावा. दुचाकीच्या टायरला पॉलिश लावूच नये, कारण वळणावर दुचाकी झुकते आणि टायरची कड रस्त्याला टेकते. स्पंजवर उरलेले पॉलिश पेडलच्या रबरावर किंवा पायाखालच्या मॅटवर फिरवण्याचा मोहही टाळावा.

पॉलिश लावण्याआधी टायर पाहून घ्यावा

घासून स्वच्छ झालेला, पण अजून पॉलिश न लावलेला टायर तपासायला सर्वांत सोपा असतो. पॉलिशखाली बारीक भेगा झाकल्या जातात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. त्या बुजत मात्र नाहीत. नक्षीच्या खाचांत ठरावीक अंतरावर आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली असे समजावे, आणि टायर बदलावा; अनेक देशांच्या कायद्यात मोटारींसाठी हीच किमान मर्यादा आहे. बाजूला फुगा आलेला दिसला, तर आतले धागे तुटलेले असतात, त्यावर दुरुस्ती नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बाहेरच्या बाजूला सापडले नाहीत, तर आतल्या बाजूला पाहावे. स्टेपनीची तारीखही एकदा पाहून ठेवावी, कारण ती न वापरता जुनी होते. हवा तपासायची ती टायर थंड असतानाच, आणि व्हॉल्व्हचे टोपण परत बसवायला विसरू नये.

काम संपल्यावर ब्रश धुऊन सुकवावा आणि पॉलिशचा स्पंज बंद डब्यात ठेवावा. दोन्हींवर मार्करने "टायर" असे ठळक लिहून ठेवावे, कारण त्यांत ब्रेकच्या भुकटीतले लोखंडाचे कण अडकलेले असतात, आणि असा स्पंज घाईत कोणी बॉनेटवर फिरवला, तर पडलेले ओरखडे काढण्यासाठी गाडी आमच्याकडेच आणावी लागते.