पार्श्वभूमी : कारखान्यातील आग आणि ‘भोगवटादार’ नावाचा गुंता

सांगलीची हळद हरिपूरच्या पेवांत साठवली जात होती तोवर व्यापाऱ्याला आगीपेक्षा पाण्याचे भय अधिक असे. जमिनीखालच्या त्या कोंडलेल्या हवेत आग फैलावायला वाव नव्हता, आणि २००५ च्या महापुरात पेवांची हानी झाली तीही पाण्यानेच. माल जमिनीवरच्या गोदामांत आला, बारदान, विजेच्या तारा आणि पॉलिशची धूळ एका छताखाली आली, तेव्हा आगीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने उभा राहिला.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील मूळ कलम ३८ बरेच तपशीलवार होते. बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद नसावे आणि आपत्कालीन वाट बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, लाल अक्षरांत दाखवलेली असावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. १९७६ च्या दुरुस्तीने हे कलम आटोपशीर झाले आणि तपशील नियमांकडे गेला. कामगाराच्या भाषेचा तो उल्लेख कलमातच राहायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खरा घोळ मात्र ‘भोगवटादार’ या शब्दाचा आहे. सातबारावर भोगवटादार म्हणजे जमीन धारण करणारा. कारखाने अधिनियमात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही, तोच शब्द कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असणाऱ्यासाठी येतो. १९८७ च्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत ही जागा संचालकाला दिली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. म्हणजे व्यवस्थापकाच्या नावावर जबाबदारी ढकलण्याची वाट बंद झाली. पुढे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याने ‘मालक किंवा भोगवटादार’ अशी जोडी केली, आणि या भोगवटादारात भाडेकरू, परवानगीने जागा वापरणारा आणि स्वतःच्याच जागेत असलेला मालक हे सगळे बसतात. एकच शब्द एका कायद्यात मालकाच्या खुर्चीपर्यंत वर जातो आणि दुसऱ्यात शेडच्या किल्लीपर्यंत खाली येतो.

सांगलीजवळच्या कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत याची अडचण लगेच कळते. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला, शेड भूखंडधारकाने बांधलेली आणि तिच्या अर्ध्या भागात तिसऱ्याचेच यंत्र चालू, अशा ठिकाणी दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे आगप्रतिबंधक यंत्रणेच्या देखभालीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म ब’, कोणी भरायचे? कायद्याने कोणालाही सुटता येऊ नये म्हणून दोघांची नावे घेतली, पण त्यातल्या ‘किंवा’चा आधार घेऊन मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू मालकाकडे.

आग विझवण्याच्या उपकरणांची कथा त्या मानाने सरळ आहे. उलटे करून वापरायचे सोडा-ॲसिडचे नळकांडे मागे पडले आणि पाणी, फेस, पावडर यांची वेगवेगळी मानके २००६ साली आयएस (भारतीय मानक) १५६८३ या एका मानकात आली. निवड, जागा आणि देखभाल आयएस २१९० प्रमाणे ठरते. त्यानुसार पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी तीन वर्षांनी येते, तर शेडचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे चाचणीची तारीख उगवते तेव्हा सिलिंडर भिंतीवर लावणारा भाडेकरू अनेकदा त्या शेडमध्ये उरलेलाच नसतो.