कमिंग यांनी स्वतःचा पाय कापला नव्हता

ब्रिटनच्या एमआय-६ या हेरखात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड कमिंग. त्यांची एक गोष्ट वर्षानुवर्षं रंगवून सांगितली जाते. ऑक्टोबर १९१४, फ्रान्समध्ये मोटारीचा अपघात, पाय गाडीखाली अडकलेला. शेजारी मरणाऱ्या मुलाच्या अंगावर कोट घालता यावा म्हणून त्यांनी खिशातल्या चाकूने स्वतःचा पाय कापला!

अपघात खरा. मुलगा गेला, तेही खरं. चाकूचं तेवढं खोटं. कमिंग यांचे दोन्ही पाय मोडले होते आणि डावं पाऊल दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी काढलं.

या अफवेला खतपाणी बहुधा त्यांनीच घातलं. नव्या उमेदवाराशी बोलता बोलता ते लाकडी पायात कागद कापायची सुरी खुपसत म्हणे. दचकला की गडी बाद!

खरी गंमत वेगळीच आहे. नौदलातल्या या माणसाला बोट लागायची! १८८५ मध्येच त्यांना निवृत्त यादीत टाकलं. १९०९ मध्ये हेरखातं हाती आलं तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. हिरव्या शाईतली त्यांची ‘सी’ ही सही मात्र दंतकथा नाही. तिथले प्रमुख आजही हिरव्या शाईनेच लिहितात.