निगेटिव्हवरचा डाग नेमका पडला कधी?

राजगडावर काढलेला कॅमेऱ्याच्या फिल्मचा एक रोल घरीच धुतला. १२० चा (म्हणजे पाठीला कागद लावून स्पूलवर गुंडाळलेली रुंद फिल्म), कृष्णधवल, बारा फ्रेमचा. वाळवून उजेडासमोर धरला तर ज्या ज्या फ्रेममध्ये आभाळ होतं तिथे तिथे बुरशी धरल्यासारखे, कडा विरलेले डाग. कातळात आणि झाडीत डाग असले तरी लपून जातात, आभाळ मात्र काहीच लपवत नाही. धुणारा मीच, त्यामुळे लॅबवाल्याला बोल लावायचीही सोय नव्हती.

पहिला संशय पाण्यावर. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. फिल्म पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात बुडवली, वाळवली. डाग जिथल्या तिथे.

मग जरा शिस्तीत बसलो. फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्या एका बाजूला जिलेटिनचा पातळ थर. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. जिथे उजेड पडला तिथल्या स्फटिकांची डेव्हलपर हे रसायन चांदी करतं आणि ती काळी दिसते. उरलेले स्फटिक हायपो, म्हणजे फिल्म फिक्स करायचं रसायन, विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ साली, म्हणजे फोटोग्राफीच्या जन्माआधीच, नोंदवून ठेवला होता. तर निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका असेल (फोटोत तो काळा येतो), तर तिथे चांदी तयारच झाली नाही किंवा नंतर गेली. उलट फोटोत पांढरा ठिपका आला, तर तिथे चांदी जास्त आहे किंवा वर काहीतरी बसलं आहे. स्कॅन करताना चिकटलेली धूळ पांढरी दिसते ती यामुळेच. निम्मे संशयित इथेच सुटतात.

आकारही बोलतो. कंपासने काढल्यासारखा गोल, धारदार कडेचा पारदर्शक ठिपका म्हणजे हवेचा बुडबुडा. तो फिल्मला चिकटून बसला आणि त्याच्याखाली डेव्हलपर पोचलाच नाही. उपाय फुकटचा आहे: डेव्हलपर ओतल्याबरोबर फिल्म धुवायचा बंद डबा, म्हणजे टँक, ओट्यावर दोन-तीनदा आपटायचा. नखाच्या आकाराची चंद्रकोर दिसली तर अंधारात टँकमधल्या रिळावर चढवताना फिल्म दुमडली होती, कारण स्फटिक दाबालाही दाद देतात. पाण्याच्या डागाला बहुधा कडा असते, सांडलेल्या चहाच्या डागासारखी. थेंब वाळताना त्यातले क्षार काठाकडे ओढले जातात आणि तिथेच साचतात. फिल्म तिरकी धरून उजेडात पाहिली की चकचकीत बाजूवरचा असा थर लगेच दिसतो आणि तो धुऊन जातो. जिलेटिनच्या बाजूला थेंब वाळला असेल तर मात्र थर कमी-जास्त आकसत वाळतो आणि खूण कायमची राहते. फिल्म दुधाळ दिसली तर हायपो कमी पडला, पुन्हा फिक्स करा. मे महिन्यातल्या तिशीपारच्या नळाच्या पाण्यात २० अंशांच्या डेव्हलपरमधून काढलेली फिल्म थेट बुडवायचा आळसही करू नये. फुगलेलं जिलेटिन सुरकुततं आणि फोटोभर जाळी उमटू शकते.

माझे डाग यातल्या कशातच बसेनात.

तेव्हा पट्टी घेऊन डागांमधली अंतरं मोजली. प्रत्येक फ्रेममध्ये डाग एकाच जागी असते तर कॅमेऱ्याला धरता आलं असतं, आतल्या चौकटीत केस अडकलेला असतो तसं. पण फ्रेम सुमारे ६ सेंटीमीटरची, आणि डाग पहिल्या फ्रेमकडे ४५ मिलिमीटरवर, मग ४६, मग ४७ च्या थोडं पुढे, शेवटाकडे तर साठीच्या पलीकडे. सगळे सापडले नाहीत, पण सापडले ते या चढत्या ओळीत बसत होते.

गुंडाळलेल्या चटईवर एका बाजूने चहा सांडून पाहा. प्रत्येक वेढ्याला डाग पडतो आणि उलगडली की बाहेरच्या वेढ्यांकडे अंतर वाढत जातं. एका वेढ्यात परीघ वाढतो तो जाडीच्या २π पट. फिल्म आणि तिच्या पाठीचा कागद मिळून ०.२ मिलिमीटर धरले तर वाढ सव्वा मिलिमीटर. माझ्या पट्टीवरची वाढ तीच.

म्हणजे डाग गुंडाळीत असताना पडले. पण कोणत्या? १२० ची फिल्म एका स्पूलवरून सुटते आणि दुसऱ्यावर चढते. नव्या रोलमध्ये पहिली फ्रेम बाहेर असते, काढून झालेल्या रोलमध्ये ती पार आत जाते. माझी अंतरं पहिल्या फ्रेमकडून शेवटाकडे वाढत होती, तेव्हा घोटाळा फोटो काढल्यानंतरचा. (३५ मिलिमीटरवाल्यांना ही चैन नाही. फिल्म उलटी गुंडाळून पुन्हा त्याच डबीत जाते.)

मग आठवलं. पावसाळ्यात गडावरून उतरल्यावर तो रोल सॅकच्या बाजूच्या कप्प्यात तसाच राहिला होता, तीन आठवडे. कप्प्याचा तळ ओला. ओल आणि उष्णतेने न धुतलेली प्रतिमा विरत जाते, आणि दमट कागद जिलेटिनला चिकटून बसतो. रोलची जी बाजू ओल्या कापडाला टेकली होती, तिथे प्रत्येक वेढ्यात एक डाग.

त्याच कप्प्यात आणखी एक रोल होता. तो अजून धुवायची हिंमत झालेली नाही.