वूटन बॅसेटच्या आधी आणि नंतर

अफगाणिस्तानच्या युद्धात ब्रिटनचे ४५७ सैनिक मेले. जुन्या युद्धांच्या हिशेबाने हा आकडा लहानच. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ या एका दिवसात फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक पडले होते, आणि तरी लोकांनी दात-ओठ आवळून ते युद्ध आणखी दोन वर्षं रेटलं. मग २००९च्या उन्हाळ्यात, जुलै महिन्यात बावीस जण गेले तेव्हा, ब्रिटिश सरकारला तोंड लपवायला जागा का उरली नाही? युद्ध लांबलं होतं, त्याचा हेतू धूसर झाला होता, हे खरंच. पण आणखी एक कारण आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. मेलेला सैनिक आता घरी येत होता, आणि वूटन बॅसेट या इंग्लंडमधल्या गावाच्या रस्त्यावरून त्याची शवपेटी जात होती.

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ तो येत नसे. एप्रिल १९१५मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला आणि घराण्याच्या वजनामुळे त्याचं पार्थिव वेल्समधल्या हॉर्डन गावी आणलं गेलं. शेजारच्या खंदकातल्या खाणकामगाराच्या पोराला हे कुठून मिळणार? या प्रकारानंतर मृतदेह मायदेशी नेण्यावर बंदीच आली. मे १९१७मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धातल्या थडग्यांची व्यवस्था पाहणारा आयोग, स्थापन झालं. जो जिथे पडला तिथेच त्याला मूठमाती, आणि सरदारपुत्र असो की हमाल, दगड सगळ्यांना सारखा, असं त्याचं धोरण ठरलं. दगडावर घरच्यांना स्वतःच्या शब्दांत काही कोरता येई, पण मर्यादा ६६ अक्षरांची. त्यात दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाई.

हे लोकांनी मुकाट्याने स्वीकारलं असं मुळीच नाही. मुलाचा देह परत द्या म्हणून आया सरकारदरबारी खेटे घालत होत्या. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी निदान थडग्यावर क्रूस तरी उभारू द्या, असा हजारो सह्यांचा अर्ज केला. मे १९२०मध्ये संसदेत यावर कडाक्याची चर्चा झाली, पण कमिशनचंच म्हणणं टिकलं. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला एका अनामिक सैनिकाचा देह फ्रान्सहून आणून वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरण्यात आला. लाखो घरांना मिळून एक मृतदेह. लंडनमधलं सेनोटाफ हे स्मारकही मुळात १९१९च्या विजय संचलनापुरतं लाकूड आणि प्लास्टरचं उभारलेलं होतं. लोकांनी तिथे फुलांचे ढीग रचले, तेव्हा ते दगडात बांधावं लागलं.

या व्यवस्थेने समता आणली, ती खरीच. पण सत्ताधाऱ्यांचीही त्यात सोय झाली, असं मला वाटतं. शोकाला वर्षातला एक दिवस आणि एक दगड नेमून दिला की तो रोजच्या राजकारणात फारसा डोकावत नाही. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) हजाराहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले. त्यातले बरेच जण आजही बुसानच्या दफनभूमीत आहेत आणि ते युद्ध ब्रिटनमध्ये विसरल्यात जमा आहे.

चक्र फिरलं ते फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धाच्या वेळी. १९८२च्या त्या युद्धात २५५ ब्रिटिश सैनिक गेले. देह परत आणा ही मागणी कुटुंबांनी लावून धरली, आणि सरकारने निवड त्यांच्यावर सोपवली. नोव्हेंबरमध्ये एका जहाजातून चौसष्ट शवपेट्या मायदेशी आल्या. पुढच्या युद्धांत हाच शिरस्ता झाला.

देह घरी आणण्याला एक कायदेशीर शेपूट होतं. इंग्लंड-वेल्समध्ये अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कोरोनर या न्यायिक अधिकाऱ्याने करायची असते आणि मृत्यू परदेशात झाला तरी, देह त्याच्या हद्दीत आला की, ती टळत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या शवपेट्या ज्या विमानतळांवर उतरत, ते ऑक्सफर्डशर आणि विल्टशर या शांत ग्रामीण परगण्यांत होते. त्यामुळे तिथल्या कोरोनरपुढे युद्धाचा पंचनामा सुरू झाला. २००३मध्ये इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका सार्जंटने आपलं चिलखती जाकीट काही दिवस आधीच दुसऱ्याला दिलं होतं, कारण सगळ्यांना पुरतील इतकी जाकिटं नव्हती. स्नॅच लँड रोव्हर ही गाडी मुळात उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांसाठी होती, अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांताच्या सुरुंगांपुढे तिचा पत्रा काय टिकणार? जवानच तिला फिरती शवपेटी म्हणत. ही माहिती कुठल्या विरोधी पक्षाने खणून काढली नव्हती. ती शपथेवर दिलेल्या साक्षींतून, समोर बसलेल्या आईवडिलांदेखत बाहेर आली. युद्धाविषयीचं लोकमत कडवट करण्यात मोर्चांपेक्षा या चौकश्यांचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी २००३च्या लंडनच्या प्रचंड मोर्चाने इराक युद्ध थांबलं नाही. पण जून २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैनिकांच्या कुटुंबांना साधनसामग्रीतल्या हलगर्जीबद्दल सरकारवर दावा लावायची मुभा दिली.

अफगाणिस्तानची सुरुवात मात्र बेफिकिरीत झाली होती. एप्रिल २००६मध्ये संरक्षणमंत्री जॉन रीड म्हणाले होते की, एकही गोळी न झाडता तीन वर्षांत परतलो तर आनंदच आहे. त्यांच्यावर थोडा अन्यायही होतो. ते भाकीत नव्हतं, इच्छा होती. पण पुढे हेल्मंडमधल्या एकट्या सांगिनमध्ये शंभराहून अधिक ब्रिटिश सैनिक गेले आणि ते वाक्य त्यांना कायमचं चिकटलं.

आता वूटन बॅसेट. एप्रिल २००७मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या ब्राइझ नॉर्टन हवाई तळाच्या धावपट्टीची दुरुस्ती निघाली म्हणून शवपेट्यांची विमानं विल्टशरमधल्या लायनमच्या हवाई तळावर उतरू लागली. तिथून शवविच्छेदनासाठी ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाकडे जाणारा रस्ता या बाजारपेठेच्या गावातून जात होता. सुरुवातीला काही माजी सैनिक युद्धस्मारकापाशी उभे राहून सलाम करत, एवढंच. हळूहळू दुकानदार काउंटर सोडून बाहेर येऊ लागले, मग परगावचे लोक, मग मृतांची कुटुंबं. चर्चची मोठी घंटा संथ वाजू लागे. शववाहिकेपुढे काळ्या कोटातला माणूस पायी चाले, स्मारकापाशी गाडी क्षणभर थांबे आणि नातेवाईक छतावर फुलं ठेवत. भाषण नाही, घोषणा नाही. ऑगस्ट २०११ अखेरपर्यंत १६७ वेळा असं झालं, ३४५ शवपेट्या या रस्त्याने गेल्या.

या शांततेचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. युद्धाच्या समर्थकांना तिच्यात राष्ट्रभक्ती दिसली, विरोधकांना मूक निषेध. जानेवारी २०१०मध्ये एका कडव्या इस्लामी गटाने तिथे मोर्चा काढायचं जाहीर केलं, तेव्हा एवढा गदारोळ उठला की त्यांना बेत सोडावा लागला. माझ्या मते तिथे उभे असलेल्या बहुतेकांना युद्धाबद्दल काहीही म्हणायचं नव्हतं. सप्टेंबर २००७मध्ये लष्करप्रमुख डॅनट यांनी सेना आणि समाज यांच्यातली दरी वाढत असल्याची तक्रार केली होती. ती दरी भरली, पण त्यांना अभिप्रेत होतं तशी नाही. लोक सैनिकाच्या बाजूने आले आणि त्याला पाठवणाऱ्यांपासून दूर गेले. नोव्हेंबर २००९मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी एका मृत सैनिकाच्या आईला स्वहस्ते पत्र लिहिलं, त्यात आडनाव चुकलं. एका डोळ्याने अधू असलेल्या माणसाच्या अक्षराकडे एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. त्या दिवसांत मात्र ती पहिल्या पानाची बातमी झाली.

सप्टेंबर २०११पासून विमानं पुन्हा ब्राइझ नॉर्टनला उतरू लागली. नवा रस्ता शेजारच्या कार्टरटन गावाच्या मुख्य बाजाराला वळसा घालून जात होता, म्हणून शवपेट्या लपवल्या जात असल्याची टीका झाली. पुढच्या महिन्यात वूटन बॅसेटच्या नावाआधी ‘रॉयल’ लागलं. ऑगस्ट २०१३मध्ये सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला, आणि त्यानंतर इराक-सीरियात ब्रिटनने विमानं, ड्रोन आणि प्रशिक्षक पाठवले. पायदळाच्या मोठ्या तुकड्या नाहीत.